आम्ही एकटं देत नाही

फॉर्म तीन पानांचा होता. घर स्वतःचं की भाड्याचं? घरमालकाला सांगितलंय का? घरात कुणाला गवताची ॲलर्जी? वर्षातून किती दिवस बाहेरगावी असता? त्या दिवसांत प्राण्यांकडे कोण बघणार? लायपझिगमध्ये हे घर भाड्यानं घेताना मला याच्या निम्मेसुद्धा प्रश्न विचारले गेले नव्हते.

'घरात माणसं किती?' या रकान्यात मी '१' लिहिलं. पुढचा प्रश्न होता, 'गिनी पिग किती हवेत?' तिथंही मी '१' लिहिलं.

दुसऱ्या दिवशी फोन आला. पलीकडून एका वयस्कर बाईंचा खणखणीत आवाज. नमस्कार-चमत्कार काही नाही.

"तुमचा पहिला एक चालेल," त्या म्हणाल्या. "दुसरा चालणार नाही. आम्ही एकटं देत नाही."

मी म्हटलं, माझं घर छोटं आहे, मी दिवसभर घरूनच काम करते, मी त्याला भरपूर वेळ देईन.

"तुम्हाला गिनी पिगांची भाषा येते का?"

"नाही."

"मग दोन न्या."

*

हे २०२२च्या सप्टेंबरमधलं. त्याच्या आदल्या वर्षी एप्रिलमध्ये आई गेली. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, कराडला, अकरा दिवसांत. मला जाता आलं नाही. विमानं रद्द होत होती, जर्मनीनं भारतातून येणाऱ्यांवर निर्बंध घातले होते, माझ्या व्हिसाचं नूतनीकरण अडकलं होतं. सगळी खरी कारणं आहेत. तरी ती सांगताना मला अजूनही सबब सांगितल्यासारखं वाटतं.

दादा पुण्याहून कसाबसा पोचला. महिनाभर राहिला आणि परत गेला. बाबा म्हणाले, "मी राहीन एकटा. गाव आहे, माणसं आहेत." ते शाळेत गणित शिकवायचे. निवृत्त होऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. सकाळी प्रीतिसंगमावर फिरायला जायचं, येताना भाजी आणायची, दुपारी झोपायचं, संध्याकाळी सांगली आकाशवाणी लावून ठेवायची. रेडिओ ऐकता का, असं विचारलं तर म्हणायचे, "ऐकत नाही. असू दे आपला आवाज. घरात भांडं वाजत नाही गं."

इकडे माझंही ऑफिस घरात आलं होतं. कोरोनानंतर कंपनीनं निम्मी इमारत सोडून दिली. मीटिंगमध्ये बोलायचे, पण ते बोलणं म्हणजे बोलणं नव्हे. कितीतरी दिवस असे जायचे, की मी तोंडातून पहिला खरा शब्द काढायचे तो दुपारी चारला, बाबांना फोन लावल्यावर. कराडात तेव्हा साडेसात झालेले असायचे. जेवलात का? काय केलं? तू काय केलंस? थंडी आहे का? दोन एकटी माणसं एकमेकांना हवामान सांगायची.

कुत्रा पाळण्याएवढं घर नाही. मांजरानं मला शिंका येतात. एका सहकारी बाईंच्या मुलीचे गिनी पिग मी आठवडाभर सांभाळले होते. फ्रिजचं दार उघडलं, की ते शिट्टी मारायचे. आपण स्वयंपाकघरात गेल्याची कुणीतरी दखल घेतंय, हे मला इतकं आवडलं, की ते परत गेल्यावर मी दोन दिवस उगाचच फ्रिज उघडत होते.

*

ते ठिकाण ग्रिम्माच्या पुढं एका खेड्यात होतं. लायपझिगहून ट्रेन, मग बस, मग पंधरा मिनिटं चालत. टीअरहाइम, म्हणजे शहरांमधली प्राण्यांची अनाथालयं, जर्मनीत जागोजागी असतात. हे तसं नव्हतं. निवृत्त नर्स असलेल्या एका बाईंनी घरामागच्या जुन्या गोठ्यात गिनी पिगांसाठी चालवलेला आसरा होता. आत गेल्यावर पहिल्यांदा वाळक्या गवताचा वास आला. दिवाळीला आजोळी गेल्यावर कडब्याच्या गंजीजवळ यायचा, साधारण तसा. मी मनातल्या मनात त्या बाईंना 'गवतकाकू' म्हणायला लागले ते तेव्हापासून.

गोठ्यात त्या दिवशी साठेक गिनी पिग होते. काही मुलांच्या वाढदिवसाला आणलेले आणि सहा महिन्यांत नकोसे झालेले. काही लॉकडाऊनमध्ये हौसेनं घेतलेले आणि ऑफिसं सुरू झाल्यावर सोडून दिलेले. आणि बरेचसे एकाच फ्लॅटमधून आलेले. तिथल्या माणसानं दोन माद्या म्हणून आणल्या होत्या. त्यातली एक मादी नव्हती. गिनी पिगाची मादी दोन-सव्वादोन महिन्यांत विते, आणि व्यायल्यावर काही तासांतच पुन्हा गाभण राहू शकते. पिल्लं अंगावर केस, डोळे उघडे अशी जन्मतात आणि त्यातले नर तीन-चार आठवड्यांत बाप व्हायला तयार. "त्या माणसाला गणित येत नव्हतं," गवतकाकू म्हणाल्या. मी हे बाबांना सांगितलं तेव्हा ते मनापासून हसले. आई गेल्यानंतर मी ते हसणं पहिल्यांदा ऐकलं.

गिनी पिग हा प्राणी गिनीतला नाही आणि डुक्कर तर नाहीच. तो दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला. तिथल्या लोकांनी त्याला काही हजार वर्षांपूर्वी माणसाळवलं, ते खाण्यासाठी. तिकडे त्याला 'कुय' म्हणतात आणि आजही खातात. पेरूमधल्या कुस्कोच्या कॅथीड्रलमध्ये येशूच्या शेवटच्या भोजनाचं अठराव्या शतकातलं एक चित्र आहे. त्यात ताटात भाजलेला कुय आहे, असं म्हणतात. सोळाव्या शतकात स्पॅनिश जहाजांतून तो युरोपात आला. समुद्रापलीकडून आला म्हणून जर्मन लोक त्याला म्हणतात 'मेअरश्वाइनशेन', म्हणजे समुद्रातलं डुकरू.

आपण 'माझा गिनी पिग केला' म्हणतो, तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर प्रयोगशाळा असते. गंमत म्हणजे जर्मनमध्ये त्याच अर्थानं 'प्रयोगाचा ससा' म्हणतात. पण बिचाऱ्यांनी भोगलंय मात्र खरं. १८८२मध्ये बर्लिनला रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू सिद्ध करून दाखवला, तो गिनी पिगांना क्षय देऊन. १९०७मध्ये नॉर्वेतल्या दोन शास्त्रज्ञांना गिनी पिगांमध्ये स्कर्व्ही आढळला आणि त्यातून पुढं क जीवनसत्त्वाचा शोध लागायला मदत झाली. कारण बहुतेक प्राण्यांच्या शरीरात हे जीवनसत्त्व आपोआप तयार होतं. माणसाच्या होत नाही आणि गिनी पिगाच्याही होत नाही. दोघांनाही ते बाहेरून मिळवावं लागतं.

"म्हणून रोज ढोबळी मिरची," गवतकाकूंनी बजावलं. "आणि सगळ्यात जास्त वाळकं गवत. दात आयुष्यभर वाढतात. चावलं नाही तर तोंडातच अडकतात. बारा तास खाल्लं नाही, तर डॉक्टर गाठायचा. दर रविवारी वजन. हे शिकार होणारे प्राणी आहेत. दुखलं तरी दाखवत नाहीत. वजन मात्र खोटं बोलत नाही."

त्यांनी मला एक जोडी दाखवली. नसबंदी केलेला पांढरा-तपकिरी नर आणि तीन रंगांची मादी. मादी कोपऱ्यात, नर तिच्यापासून हातभर लांब. मी विचारलं, "हे एकमेकांना चिकटून बसत नाहीत का?"

"नाही. ती मांजरं नव्हेत. यांना चिकटायला आवडत नाही. शेजारी कुणीतरी चावतंय, एवढं ऐकू आलं की यांचं भागतं."

घरी न्यायला अजून दोन आठवडे लागले. आधी गवतकाकू स्वतः मेजपट्टी घेऊन लायपझिगला आल्या. मी तयार केलेली जागा त्यांनी मोजली. दोन चौरस मीटर भरली. बाजारातल्या पिंजऱ्यांना त्या 'सुटकेस' म्हणतात. मग करार झाला. देणगीदाखल ८० युरो. प्राणी विकायचे नाहीत, दुसऱ्याला द्यायचे नाहीत, सांभाळणं झालं नाही तर त्यांनाच परत द्यायचे. आणि शेवटचं कलम: दोघांतलं एक गेलं, तर मागे राहिलेल्याला एकटं ठेवायचं नाही. एक तर नवी सोबत आणायची, नाही तर मागे राहिलेल्याला परत आणून द्यायचं.

मी सही केली. कंपनीच्या नोकरीचा करार वाचला नव्हता एवढ्या लक्षपूर्वक मी तो वाचला होता. पण शेवटचं कलम म्हणजे नुसता शब्दांचा सोपस्कार आहे, असंच मला तेव्हा वाटलं.

*

नराचं नाव बंड्या ठेवलं, मादीचं सखू.

बाबांना व्हिडिओवर दाखवले.

"उंदीर आणलेस?"

"उंदीर नाहीत, बाबा."

"शेपूट कुठाय?"

"नसतेच यांना."

"पैसे देऊन बिनशेपटीचे उंदीर आणलेस." मग जरा थांबून, "ऊस खातात का?"

ऊस चालत नाही, गोड झेपत नाही, हे कळल्यावर कऱ्हाडकर बाबांचा या प्राण्यांवरचा विश्वासच उडाला. कोथिंबीर मात्र चालते, आणि नुसती चालत नाही तर ते तिच्यासाठी वेडे होतात. आयझेनबानश्ट्रासवरच्या तुर्की दुकानात कोथिंबिरीच्या भरघोस जुड्या मिळतात. त्या आणायच्या, आणि स्वतःचे पोहे बिनकोथिंबिरीचे खायचे, असा माझा संसार सुरू झाला.

मला वाटलं होतं त्यातलं फारसं काही झालं नाही. ते मांडीवर बसत नाहीत. उचललं तर घाबरतात, आकाशातून घार आल्यासारखे. पण रात्री दिवा मालवला, की अंधारात करम-करम गवत चावण्याचा आवाज येतो. कधी आनंद झाला, की उभ्या जागी उंच उडी मारतात. तव्यावरची लाही फुटावी तशी. गिनी पिग पाळणारे लोक त्याला पॉपकॉर्नच म्हणतात. सखूची शिट्टी कुकरच्या पहिल्या शिट्टीसारखी होती, घाईची आणि जराशी रागावलेली.

बाबा रोज विचारायला लागले, "काय म्हणतोय बंड्या?" आता हवामानाशिवाय आणखी एक विषय झाला. वजनाची वही मी त्यांना रविवारी वाचून दाखवायचे. ते शिक्षक. लगेच सरासरी काढायचे.

*

२०२३च्या नोव्हेंबरमध्ये, दिवाळी झाल्यावर, बाबा फोनवर म्हणाले, "वाचनालयातल्या काकू आठवतात का तुला?"

आठवत होत्या. लहानपणी मी पुस्तक बदलायला जायचे तेव्हा काउंटरला असायच्या. यजमान जाऊन खूप वर्षं झालेली. मुलगी नाशिकला.

"त्या पण येतात संगमावर फिरायला. आम्ही दोघं जरा विचार करतोय."

"कसला?"

"एकत्र राहावं म्हणून. लग्नच असं नाही. म्हणजे करावं लागेल बहुतेक. कराड आहे हे."

शेवटच्या वाक्याला ते थोडं हसले. मी हसावं म्हणून ते हसले होते, हे मला आज कळतं.

मी म्हटलं, "बाबा, अजून तीन वर्षंपण झाली नाहीत."

पलीकडे रेडिओ चालू होता. बाबा म्हणाले, "बरं." मग म्हणाले, "तिकडं थंडी वाढली का?"

रात्री दादाचा फोन आला. तो तावातावानं म्हणाला, "मी सरळ सांगितलं, या वयात हसं करून घेऊ नका. आणि घराचं काय करायचं उद्या?" मला त्याचा राग आला. घराचं काय घेऊन बसलाय हा! मी किमान तसलं काही बोलले नाही, असं समाधानही वाटलं. आज मला वाटतं, दादाच्या बोलण्याला बाबांना निदान उत्तर देता आलं असतं. घर तुझ्या नावावर करतो, म्हणता आलं असतं. माझ्या बोलण्याला उत्तरच नव्हतं. मी आईला मध्ये उभं केलं होतं.

बाबांनी तो विषय पुन्हा काढला नाही. मीही नाही.

*

जानेवारीत बंड्याचं वजन उतरायला लागलं. ११२० ग्रॅम, मग १०९०, मग एकदम १०१०. खात होता, पळत होता. वहीतल्या आकड्यांखेरीज काही कळत नव्हतं. एक्स-रेमध्ये मूत्राशयात खडा दिसला. गिनी पिगांना हा त्रास बऱ्याचदा होतो. डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशनचे धोके समजावून सांगितले. गुरुवारी ऑपरेशन झालं. दोन रात्री मी सिरिंजनं भरडी भरवत बसले. शनिवारी पहाटे तो गेला.

एका मैत्रिणीच्या घराला परसदार आहे. तिथं पुरायला ती हो म्हणाली. जमीन थंडीनं दगडासारखी झाली होती. किमान अर्धा मीटर खोल खणावं लागतं. आम्हाला दीड तास लागला. मैत्रीण दोनदा म्हणाली, तू आत जा, मी करते. मी गेले नाही. एक किलोच्या जनावरासाठी मी एवढी का रडतेय, हे तिला कळत नव्हतं. मला कळत होतं. हातात कुदळ घेऊन उभं राहायची संधी मला आधीच्या वेळी मिळाली नव्हती.

घरी सखू होती. गवतकाकूंनी पूर्वीच सांगितल्याप्रमाणे मी तिला बंड्याचं कलेवर हुंगू दिलं होतं. तिनं हुंगलं, आणि जाऊन गवत खाल्लं. मला वाटलं, बरं झालं, हिला काही झालं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून फ्रिज उघडला तरी शिट्टी येईना. कोथिंबीर समोर ठेवली, तर मी खोलीबाहेर गेल्यावर खायची. रात्री चावण्याचा आवाज यायचा आणि मध्येच थांबायचा. ती ऐकत असावी. उत्तर येत नाही म्हटल्यावर पुन्हा सुरू करायची. ९४० वरून वजन ८९५ वर आलं.

सहाव्या दिवशी मी गवतकाकूंना फोन केला.

"किती दिवस झाले?"

"सहा."

"आणि तुम्ही आज फोन करताय?"

"मला वाटलं, तिला थोडा वेळ द्यावा."

"कशासाठी?"

"दुःखातून सावरायला. लगेच दुसरा आणणं मला बरं वाटेना."

त्या थोडं थांबल्या. नर्स असताना त्या नातेवाइकांशी अशाच बोलत असतील. "दुःख तुम्हाला झालंय. तिलाही झालं असेल, मला विचारता येत नाही. ती एकटी आहे, एवढं मला माहीत आहे. उद्या या."

शेजारच्या स्वित्झर्लंडमध्ये तर २००८पासून कायदाच आहे. गिनी पिगासारख्या कळपानं राहणाऱ्या प्राण्याला एकटं ठेवता येत नाही. त्यातून एक पेचही झाला. एक मेला की दुसरा आणायचा, मग पहिला म्हातारा होऊन मरतो, मग पुन्हा आणायचा. हे संपणार कधी? म्हणून तिथं सोबतीपुरता गिनी पिग भाड्यानं देण्याची सोयसुद्धा निघाली. मी हे वाचून पूर्वी हसले होते.

गोठ्यात माझ्यासाठी एक चार वर्षांचा करडा नर काढून ठेवला होता. एका डोळ्यात पांढरट ठिपका. त्याची मालकीण वृद्धाश्रमात गेली. तिथं प्राणी चालत नव्हते. नाव 'हेर म्युलर'. म्हणजे 'श्री. म्युलर'. आजीबाईंनी ठेवलेलं. ते बदलावंसं मला वाटलं नाही.

परतीच्या ट्रेनमध्ये म्युलरसाहेबांचा खोका मांडीवर होता. आत ते घाबरून दगड होऊन बसले होते. बाहेर चार वाजताच अंधारायला लागलं होतं. बाबांना फोन करायची वेळ. मी फोन हातात घेतला आणि सहज मनात हिशोब झाला. सखूला एकटी पडून सात दिवस झाले होते आणि मी हे एवढं अंतर कापून सोबत घेऊन चालले होते. बाबांना एकटे पडून तेहतीस महिने झाले होते. त्यांनी स्वतःच सोबत शोधली होती. मला कुठं जावंही लागणार नव्हतं. फक्त 'बरं' म्हणायचं होतं. ते त्यांनाच म्हणावं लागलं.

त्या दिवशी मी फोन केला नाही.

*

दोन अनोळखी गिनी पिगांना एकदम एका घरात सोडत नाहीत. दोघांनाही परकी अशी जागा लागते. मी हॉलमध्ये चादर अंथरली, गवताचे चार ढीग केले, दोन-दोन दारांची खोकी ठेवली, म्हणजे कुणी कोपऱ्यात अडकायला नको. म्युलरसाहेब गुरगुरत, कंबर हलवत, तोऱ्यात सखूभोवती फिरायला लागले. नर असंच करतात. सखूनं दात कडकड वाजवले आणि तिसऱ्या फेरीला सरळ त्यांच्या तोंडावर मुताची पिचकारी मारली. माद्या असंच करतात. मी जमिनीवर बसून हसत होते आणि घाबरलेलीही होते.

तीन दिवस हेच. आपण चूक केली, असं मला वाटायला लागलं. चौथ्या रात्री अंधारात करम-करम ऐकू आलं. मध्येच थांबलं. आणि दुसऱ्या कोपऱ्यातून सुरू झालं.

पाचव्या दिवशी सकाळी मी दुधासाठी फ्रिज उघडला आणि शिट्टी आली.

जर्मनीतल्या म्युन्स्टर विद्यापीठातले वर्तनशास्त्रज्ञ नॉर्बर्ट झाक्सर यांनी आयुष्याचा मोठा भाग गिनी पिगांच्या अभ्यासात घालवला. नव्या, परक्या जागी ठेवलं की या प्राण्यांच्या रक्तातला ताणाचा संप्रेरक वाढतो. जिच्याशी बंध जुळलाय अशी सोबतीण जवळ असली, तर तो बराच कमी वाढतो. पण तिच्या जागी अनोळखी मादी ठेवली, तर तसा आधार मिळत नाही. म्हणजे कुणीही चालत नाही. एकाच्या जागी दुसरा बसवता येत नाही. परक्याची ओळख व्हायला वेळ द्यावा लागतो, आणि तो वेळ एकटं राहून जात नाही, सोबत राहूनच जातो. सखूसाठी म्युलर बंड्या झाला नाही. ती बंड्याच्या मागं धावायची, तशी याच्या मागं कधी धावली नाही. पण ती पुन्हा शिट्टी मारायला लागली.

*

मी बाबांना फोन केला आणि हे सगळं सांगितलं. मग म्हटलं, "बाबा, मी नोव्हेंबरमध्ये चुकीचं बोलले."

ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "म्हणजे मी सखू का म्युलर?"

मला हसू आणि रडू एकदम आलं.

"तुमचं तुम्ही ठरवा."

"हे बघ, लावून घेऊ नकोस. मी काय जनावर नाही, तुझ्या परवानगीवाचून अडायला. तुझ्यामुळं नाही थांबलो." जरा वेळानं म्हणाले, "थोडं तुझ्यामुळंही."

"मग आता विचारा त्यांना."

"मी नको म्हणून कळवून टाकलं की. त्या गेल्या नाशिकला, लेकीकडं."

मी म्हटलं, फोन करा. ते म्हणाले, "बघतो." आमच्या घरात 'बघतो' म्हणजे 'नाही'. यासाठी फोन करायला मला कुणी गवतकाकू नव्हती. 'उद्या या' असं सांगणारं कुणी नव्हतं. गिनी पिगाला कुणी विचारत नाही, म्हणून त्याचं सोपं असतं. माणसाला एकदा 'नको' म्हणून कळवल्यावर पुन्हा 'हो' म्हणायला तोंड लागतं.

काकू मे महिन्यात कराडला परत आल्या. बाबांनी फोन केला होता की नाही, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

२०२४च्या डिसेंबरमध्ये मी घरी गेले. गवतकाकूंनी सखू आणि म्युलरसाहेबांना तीन आठवडे ठेवून घेतलं. फॉर्मवरच्या त्या प्रश्नाचं उत्तर शेवटी त्याच निघाल्या. कराडला रोज संध्याकाळी पाच वाजता वाचनालयातल्या काकू येत. आईसारखं त्यांच्यात काहीच नाही. चहात साखर फार घालतात. पेपर मोठ्यानं वाचतात आणि बातमीशी भांडतात. आईच्या फोटोला हार त्यांनीच आणून घातला, तेव्हा मी दुसरीकडे बघितलं. आठ वाजले, की त्या आपल्या घरी जातात. लग्नाचं मी एकदा हळूच विचारलं, तर म्हणाल्या, "तेव्हा केलं असतं गं. आता नको. सगळ्यांची तोंडं बघून झाली. माझं घर आहे, मी येत जाईन."

दादा दोन दिवसांसाठी आला होता. त्या असेपर्यंत त्यानं चहा घेतला नाही.

नोव्हेंबरमध्ये बाबांनी जे मागितलं होतं, ते हे नव्हतं. पाच ते आठ म्हणजे तीन तास. बाकीच्या वेळी रेडिओ असतो. मी तेव्हा पटकन 'हो' म्हटलं असतं, तर दादा बदलला असता का, लोक गप्प बसले असते का, मला माहीत नाही. पण काकूंच्या 'तेव्हा केलं असतं'मधल्या 'तेव्हा'त माझंही एक वाक्य आहे, हे मला माहीत आहे.

म्युलरसाहेब आता पाच वर्षांचे झालेत, सखू त्यांच्याहून थोडी लहान. गिनी पिग साधारण पाच ते आठ वर्षं जगतात. आज ना उद्या दोघांतलं एक जाईल आणि मला ग्रिम्माची ट्रेन पकडावी लागेल. यावेळी मी सहा दिवस थांबणार नाही.

काल फोन केला तेव्हा कराडात साडेसात झाले होते. बाबांनी वजनं विचारली. म्युलर १०५०, सखू ९६०. ते सरासरी काढत असतानाच मागून आवाज आला, "त्या म्युलरचा डोळा बरा आहे का हो? विचारा की तिला."

बाबांनी फोन कानापासून लांब धरला आणि म्हणाले, "तुम्हीच विचारा."

रेडिओ बंद होता. मागं कुणीतरी कपात चमचा ढवळत होतं.